इंग्रजी क्रियापदांचें शेपूट

मागील खेपेस या सदरांत आपण मराठींतील ‘खाणें’ या एका क्रियापदाचा संसार पाहिला. मार खाणें, बोलणीं खाणें, हवा खाणें, भाव खाणें, गटांगळ्या खाणें अशीं कितीतरी खाणीं आपण दिवसभर खातों आणि त्यांत अन्नाचा एक कणही नसतो, हें पाहून पुष्कळ वाचकांची करमणूक झाली. हाच प्रकार इंग्रजींत कसा घडतो तें पुढें पाहूं, असें वचन त्या वेळीं दिलें होतें. तें पाळण्यास आज जें निमित्त मिळालें आहे, तें मात्र करमणुकीचें नाहीं.

वाशीम जिल्ह्यांत मानोरा तालुक्यांतील इंझोरी या गांवीं माझ्या मामांचें घर आहे. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत आहेत. मामांनीं आयुष्यभर शाळेंत इंग्रजी शिकविलें. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची भाषांतर पाठमाला त्यांस इतकी पाठ कीं, आपण मराठी वाक्य म्हणावें आणि त्यांनीं त्याचें इंग्रजी धडा क्रमांकासह सांगावें. गांवांत कोणास सरकारी कागद आला, विम्याचें पत्र आलें कीं तो मामांच्या ओसरीवर यावयाचा आणि त्याचा अर्थ लागूनच परत जावयाचा. अशा घरीं एका इंग्रजी वाक्यानें घात केला.

मामांचा थोरला नातू शेतकीचा पदवीधर. पुण्याच्या एका कंपनींत त्यानें अर्ज केला होता. मुलाखतीची तारीख ठरली, गाडीचें तिकीट निघालें, आणि आदल्या आठवड्यांत एक ई-मेल आला. त्यांत दोनच वाक्यें होतीं : ‘द इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ. वुई शॅल गेट बॅक टु यू.’ नातवानें तें मामांस वाचून दाखविलें. मामांनीं शिरस्त्याप्रमाणें पदच्छेद केला. ‘पुट’ म्हणजे ठेवणें, ‘ऑफ’ म्हणजे बंद; दिवा ऑफ करतों तसें. तेव्हां मुलाखत बंद ठेविली आहे. ‘गेट बॅक’ म्हणजे परत जाणें. तें केवळ निरोपाचें सभ्य वाक्य असावें. नातवासही तसेंच वाटलें होतें. तिकीट परत केलें, मुलगा वेचणीच्या गडबडींत शेतावर गेला, आणि मेल उघडून पाहण्याचें कोणास कारण उरलें नाहीं. पुढें बारा दिवसांनीं सोमवारची नवी तारीख कळविणारा मेल आला. तो उघडला गेला बुधवारीं. मुलानें क्षमा मागून पुन्हां लिहिलें, पण जागा भरली गेली होती. त्यांत कंपनीचा दोष कांहींच नव्हता. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढें ढकलणें आणि ‘गेट बॅक टु यू’ म्हणजे तुम्हांस मागाहून कळवूं, हें तिनें स्वच्छ लिहिलेंच होतें.

मी गेलों तेव्हां नातू आपल्या कामास लागलेला होता. तरुण माणूस, त्याचें दुःख चार दिवसांत ओसरलें. मामांचें मात्र ओसरलें नव्हतें. रात्रीं अंगणांत बसलों असतां ते म्हणाले, ‘‘अरे, परक्यांचीं पत्रें वाचण्यांत जन्म गेला, आणि घरच्या पोराचें पत्र तेवढें मला वाचतां आलें नाहीं. मोठमोठे ग्रंथ समजतात, मग हीं चार अक्षरें कां समजूं नयेत?’’

मामांचा हा प्रश्न एकट्या मामांचा नाहीं. इंग्रजी शिकलेल्या आपल्या बहुतेक घरांचा तो प्रश्न आहे. म्हणून त्याचें उत्तर येथें जरा सविस्तर शोधूं.

साधें क्रियापद आणि त्यास जोडलेला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ऑन’, ‘डाउन’ यांसारखा एक लहानसा शब्द मिळून जें नवें क्रियापद होतें, त्यास इंग्रजी वैयाकरण ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हें नांव तसें अलीकडचें आहे. लोगन पिअर्सॉल स्मिथ यांच्या 1925 सालच्या वाक्प्रचारांवरील पुस्तकानें तें रूढ केलें. वस्तु मात्र फार जुनी आहे. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनीं 1755 सालीं लंडनला आपला प्रसिद्ध कोश छापला, त्याच्या प्रस्तावनेंतच त्यांनीं मान्य केलें आहे कीं, परकीयांस आमच्या भाषेंत सर्वांत अधिक अडखळविणारी जर कोणती गोष्ट असेल तर ती हीच. आणि म्हणून अशीं क्रियापदें आपण विशेष काळजीनें टिपलीं आहेत. खुद्द कोशकारानें अडीचशें वर्षांपूर्वीं दिलेली ही कबुली ऐकून मामांचें मन थोडें हलकें झालें.

यांत अडचण नेमकी कोणती? ती ही कीं, दोन्ही शब्द ओळखीचे असतात आणि त्यांची जोडी अनोळखी असते. कठीण शब्द आला तर आपण कोश उघडतों. सोपा शब्द दिसला कीं बेसावध राहतों. ‘गिव्ह’ म्हणजे देणें हें पहिलींतल्या मुलासही येतें. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमतें घेणें, ‘गिव्ह आउट’ म्हणजे वांटणें किंवा संपून जाणें, ‘गिव्ह अवे’ म्हणजे देऊन टाकणें, आणि प्रसंगीं गुपित फोडणेंही. एका दात्याचीं हीं चार रूपें, आणि चारांचीं तोंडें चार दिशांस!

परंतु ज्या घरांत संस्कृताचा वारा लागलेला आहे, त्या घरास याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. ‘हृ’ हा एक धातु घ्या. त्यास ‘आ’ लागला कीं आहार, ‘वि’ लागला कीं विहार, ‘प्र’ लागला कीं प्रहार, ‘सम्’ लागला कीं संहार, आणि ‘परि’ लागला कीं परिहार. जेवणें, हिंडणें, मारणें, नाश करणें आणि निवारण करणें हे सर्व अर्थ एकाच धातूच्या पोटीं. उपसर्ग धातूचा अर्थ बळानेंच दुसरीकडे ओढून नेतो, असें आपले जुने पंडित विद्यार्थ्यांस शिकवीत आले. इंग्रजीचें ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ म्हणजे तिचे उपसर्गच होत. भेद इतकाच कीं, आपले उपसर्ग धातूच्या पुढें हुजऱ्यासारखे चालतात, आणि इंग्रजीचे मागें शेपटासारखे हलतात.

हा भेदही वरवरचाच आहे. उपसर्गानें धातूपूर्वीं यावें असा नियम सांगून पाणिनि लागलीच अपवाद देतात कीं, वेदाच्या भाषेंत तो धातूच्या नंतरही येतो आणि दोहोंमध्यें इतर शब्दही बसूं शकतात. म्हणजे वैदिक ऋषि ज्या मोकळेपणानें उपसर्ग वापरीत, त्याच मोकळेपणानें इंग्रज आज ‘टेक युवर शूज ऑफ’ असें म्हणतो. त्याहून मौजेची गोष्ट अशी कीं, तुलनात्मक भाषाशास्त्राप्रमाणें हीं दोन्हीं कुळें एकाच मूळ घराण्याचीं आहेत. इंग्रजी ‘ऑफ’ हा आपल्या ‘अप’ या उपसर्गाचा सख्खा भाऊ. अपहरण म्हणजे तेथील ‘कॅरी ऑफ’च. इंग्रजी ‘अप’ हा आपल्या ‘उप’चा नातलग, ‘ओव्हर’ हा ‘उपरि’चा, आणि ‘आउट’ हा ‘उद्’चा. उद्गम म्हणजे बाहेर येणें, हें पाहिलें कीं नातें डोळ्यांपुढें उभें राहतें. अर्थात् नातें असलें तरी स्वभाव निराळे झाले आहेत; इंग्रजी ‘अप’ ऐकून आपल्या ‘अप’चा अर्थ घेऊं लागल्यास फजिती होईल.

या शेपटांस स्वतःचा अर्थ असतो कीं नसतो? हाही वाद आपल्याकडे यास्काच्या निरुक्तांत होऊन गेलेला आहे. शाकटायनांचें मत असें कीं, उपसर्ग एकटा पडला असतां अर्थ सांगत नाहीं, तो केवळ दुसऱ्या पदाचा अर्थ उजळतो. गार्ग्यांचें मत असें कीं, उपसर्गांस स्वतःचेच नानाविध अर्थ आहेत. इंग्रजीच्या विद्यार्थ्यानें आरंभीं गार्ग्यांच्या पक्षास मिळावें आणि जेथें अर्थ लागेना तेथें शाकटायनांस शरण जावें, असा माझा अनुभव आहे. कारण शेपटाचा मुख्य कल ध्यानांत आला कीं निम्मीं क्रियापदें आपोआप उलगडतात. उरलेलीं निम्मीं मुकाट्यानें पाठ करावीं लागतात.

आतां हे कल पाहूं.

‘अप’चा पहिला अर्थ वर, ‘स्टँड अप’ म्हणजे उभें राहणें. दुसरा अर्थ काम तडीस नेणें. ‘ईट’ म्हणजे खाणें, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणें; ‘टेअर’ म्हणजे फाडणें, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाकणें; ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपविणें. वाचकांच्या लक्षांत आलें असेल कीं, जें काम इंग्रजींत ‘अप’ करतो तेंच मराठींत ‘टाकणें’ करतें. ‘खाऊन टाक’ म्हणतांना आपण कांहीं टाकीत नाहीं, आणि ‘ईट अप’ म्हणतांना इंग्रज कांहीं वर उचलीत नाहीं. तिसरा अर्थ प्रकट होणें. ‘टर्न अप’ म्हणजे हजर होणें, उगवणें.

‘ऑफ’चा मूळ अर्थ अलग होणें, दूर जाणें. ‘टेक ऑफ’ म्हणजे अंगावरील वस्त्र अलग करणें, आणि विमानानें जमीन सोडणेंही. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासास निघणें. ‘स्विच ऑफ’ म्हणजे विजेचा संबंध तोडणें. मामांस ठाऊक होता तो एवढा शेवटचाच अर्थ, आणि तोच त्यांस नडला. ‘पुट ऑफ’मध्यें काम बंद होत नाहीं, तें आजपासून दूर नेऊन ठेविलें जातें, म्हणजेच पुढें ढकललें जातें. काम अजीबात रद्द झालें तर इंग्रज ‘कॉल ऑफ’ म्हणतो. या दोहोंमध्यें एक नोकरी जाते, हें आपण वर पाहिलेंच.

‘आउट’ म्हणजे बाहेर, आणि त्यावरून शेवटापर्यंत. ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणें. येथें मराठीचें ‘काढणें’ हुबेहूब तेंच काम करतें. ‘वेअर आउट’ म्हणजे झिजून जाणें, ‘पुट आउट’ म्हणजे विस्तव विझविणें. ‘ऑन’ म्हणजे वर टेकलेला, आणि त्यावरून अखंड चालूं असलेला. ‘पुट ऑन’ म्हणजे अंगांत घालणें, पण ‘गो ऑन’ आणि ‘कॅरी ऑन’ म्हणजे चालूं ठेवणें. ‘डाउन’ म्हणजे खालीं, आणि त्यावरून कमी होणें, बंद पडणें, नाकारलें जाणें. ‘स्लो डाउन’ म्हणजे वेग कमी करणें, ‘ब्रेक डाउन’ म्हणजे यंत्र बंद पडणें किंवा माणसाचा धीर खचणें, ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणें. ‘राइट डाउन’ म्हणजे मात्र लिहून ठेवणें. येथें मराठींत ‘ठेवणें’ मदतीस येतें. ‘बॅक’ म्हणजे परत. ‘गिव्ह बॅक’ म्हणजे परत देणें आणि ‘गेट बॅक टु’ म्हणजे विचारलेल्या गोष्टीचा मागाहून जबाब देणें. ‘ओव्हर’मध्यें पार होण्याचा भाव आहे; ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारांतून किंवा दुःखांतून सावरणें, ‘टेक ओव्हर’ म्हणजे कारभार हातीं घेणें.

एवढें सांगून एक सावधगिरीची सूचना देतों. हे कल म्हणजे कायदे नव्हेत. इंग्रजींत घर जळून जातें तेव्हां तें ‘बर्न डाउन’ होतें, आणि कागद जळून जातो तेव्हां तो ‘बर्न अप’ होतो. छापील अर्ज ‘फिल इन’ करा कीं ‘फिल आउट’ करा, भरला जातो तो एकच. यांत तर्क शोधीत बसण्यापेक्षां हंसून पुढें जावें. आपण तरी प्रश्न पडतो, थंडी पडते, स्वप्न पडतें, माणूस आजारी पडतो आणि वेळेस उपयोगीही पडतो, यांतील कोण कोठून पडला हें कोठें सांगूं शकतों? मोल्सवर्थ साहेबांनीं आपला मराठी–इंग्रजी कोश 1831 सालीं प्रथम आणि 1857 सालीं सुधारून पुन्हां छापला, तेव्हां असलीं पडणीं-लागणीं समजून घेतांना त्यांस व त्यांच्या शास्त्रीमंडळास किती वेळ डोकें धरून बसावें लागलें असेल, याची कल्पनाच करावी.

आतां रचनेचे तीन नियम. पहिला : कांहीं क्रियापदांचीं अंगें सुटीं होतात. ‘टेक ऑफ द शूज’ आणि ‘टेक द शूज ऑफ’ हीं दोन्हीं बरोबर. परंतु कर्माच्या जागीं सर्वनाम आलें कीं त्यानें मध्येंच बसलें पाहिजे. ‘टेक देम ऑफ’ बरोबर, ‘टेक ऑफ देम’ चूक. दुसरा : कांहीं क्रियापदांचीं अंगें कधींच सुटत नाहींत. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळ करणें. येथें ‘लुक आफ्टर हिम’ असेंच म्हणावयाचें. तिसरा : कांहींना दोन शेपटें असतात. ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूटपणें सोसणें, ‘रन आउट ऑफ’ म्हणजे घरांतील जिन्नस संपणें, ‘लुक फॉरवर्ड टु’ म्हणजे उत्सुकतेनें वाट पाहणें. या शेवटल्या प्रयोगापुढें ‘मीटिंग यू’ असें यावें लागतें; आपल्याकडील पत्रांत सर्रास आढळणारें ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ हें अशुद्ध आहे.

अशुद्धांचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरोघरच्या दोन चुका येथेंच निवडून टाकूं. ‘कोप’ या क्रियापदास आपण प्रेमानें एक ‘अप’ जास्त लावतों. शुद्ध प्रयोग ‘कोप विथ’ एवढाच. ‘कोप अप विथ’ असें इंग्रज म्हणत नाहीं. दुसरी चूक अधिक गमतीची. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला कीं आपण म्हणतों, ‘‘तो यंदा पास आउट झाला.’’ हिंदुस्थानांत याचा अर्थ सर्वांस कळतो, आणि लष्करी शिक्षण संपविणाऱ्या छात्रांविषयीं इंग्लंडांतही तसें बोलतात. पण एरवीं तेथें ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणें! आपला मुलगा महाविद्यालयांत पास आउट झाला असें तेथील शेजारणीस सांगितलें, तर ती पेढे मागण्याऐवजीं प्रकृति कशी आहे असें विचारील. आणि ‘पास अवे’ म्हणजे तर निवर्तणें. तेव्हां शेपूट बदलतांना जरा जपून.

मामांच्या मूळ प्रश्नाकडे आतां वळूं. मोठे ग्रंथ समजतात आणि चार अक्षरें समजत नाहींत, असें कां? याचें इंगित इंग्रजीच्या दोन कोठारांत आहे. 1066 सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. तेव्हांपासून दरबार, न्याय आणि विद्या यांची भाषा फ्रेंच आणि लॅटिन झाली, आणि चूल, गोठा व शेत यांची भाषा जुनी इंग्रजी राहिली. पुढें दोन्हीं मिसळलीं, तरी कोठारें निराळींच राहिलीं. मुलाखत पुढें ढकलावयाची तर ग्रांथिक शब्द ‘पोस्टपोन’ आणि घरगुती शब्द ‘पुट ऑफ’. सोसणें हें ग्रंथांत ‘टॉलरेट’, बोलण्यांत ‘पुट अप विथ’. विझविणें हें सरकारी पाटीवर ‘एक्स्टिंग्विश’, स्वयंपाकघरांत ‘पुट आउट’. आपल्याकडे ‘स्थगित करणें’ आणि ‘पुढें ढकलणें’ यांत जें अंतर आहे तेंच हें. गंमत अशी कीं ‘पोस्टपोन’ हा शब्दही लॅटिनमध्यें ‘नंतर’ आणि ‘ठेवणें’ यांची जोडीच आहे. ग्रांथिक सोवळें नेसल्यामुळें शेपूट पुढें आलें, इतकेंच.

आपल्या आजोबा-पणजोबांनीं इंग्रजी शिकलें तें पुस्तकांतून, कचेरींतून आणि वर्तमानपत्रांतून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नांवावर सांगितलें जाणारें वाघिणीचें दूध आपण प्यालों खरें, पण तें वाघिणीच्या गुहेंत जाऊन नव्हे, बाटलींतून प्यालों. कचेरीचा ‘पोस्टपोन’ आपणांस आला, कारण कचेरींत आपणांस प्रवेश होता. चुलीपाशींचा ‘पुट ऑफ’ आला नाहीं, कारण इंग्रजाच्या चुलीपाशीं आपण कधीं बसलोंच नाहीं. म्हणून मामांसारखा विद्वान् माणूस ग्रंथांत पोहतो आणि डबक्यांत घसरतो. यांत विद्वत्तेचा दोष नाहीं. वाट निराळी होती एवढेंच. आतां तर काळ असा आला आहे कीं कंपन्यांचीं पत्रेंही घरगुती इंग्रजींत येतात. पूर्वींची कचेरी असती तर तिनें ‘पोस्टपोन’ लिहिलें असतें, आणि मामांनीं तें चुटकीसरशीं सांगितलें असतें.

कोणी म्हणेल कीं, मग हीं क्रियापदें पाठ करण्यापेक्षां सोपें इंग्रजीच कां करूं नये? तोही प्रयोग झाला आहे. सी. के. ऑग्डन या पंडितानें 1930 सालीं अवघ्या 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ नांवाची भाषा सिद्ध केली. तींत क्रियापदें फक्त अठरा. ‘टॉलरेट’ नको, ‘पुट अप विथ’ म्हणा. ‘एंटर’ नको, ‘गो इन’ म्हणा, अशी त्याची युक्ति. पंतप्रधान चर्चिल यांनीं 1943 सालीं तिचा पुरस्कारही केला. पण परकीयांची अडचण सुटली नाहीं, कारण क्रियापदें कमी झालीं तरी शेपटें शिल्लकच होतीं, आणि जडपणा होता तो शेपटांत. शब्द मोजून भाषा सोपी होत नाहीं, हा धडा त्यांतून घ्यावयाचा.

मग उपाय काय? महाराष्ट्रांत 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवितात, तेव्हां मुलांच्या कानांवर तें लवकर पडूं लागलें आहे. शिवाय हीं शेपटें आपल्या बोलण्यांत नामरूपानें केव्हांच शिरलीं आहेत. चेकअप, मेकअप, पिकअप, बॅकअप, वॉकआउट हे शब्द कोणास परके वाटतात? 2020 सालच्या लॉकडाउननें तर तो शब्द देवघरापर्यंत नेला. आणि वऱ्हाडांत गांवाबाहेर शेताचे भूखंड पाडले कीं त्यास जो तो ‘ले-आउट’ म्हणतो. ‘ले आउट’ म्हणजे आंखून मांडणें, हें त्याचें मूळ क्रियापद. नाम बोलतांना जोर पहिल्या अंगावर येतो, क्रियापद बोलतांना शेपटावर, एवढें कानास शिकविलें कीं झालें.

आमच्या मतें यासाठीं एकत्र कुटुंबासारखी दुसरी शाळा नाहीं. ‘गिव्ह’खालीं पंधरा आणि ‘टेक’खालीं वीस अशा याद्या घोकूं नयेत, त्या चौथ्या दिवशीं एकमेकींत मिसळतात. दिनक्रमास शब्द बांधावे. सकाळीं ‘वेक अप’ म्हणजे जाग येणें आणि ‘गेट अप’ म्हणजे अंथरूण सोडणें. या दोहोंत किती वेळ जातो हें प्रत्येक आईस ठाऊक आहे. मग गॅस ‘टर्न ऑन’, दूध वर आलें कीं ‘टर्न डाउन’, उतरविलें कीं ‘टर्न ऑफ’. बाहेरून आल्यावर जोडे ‘टेक ऑफ’, पसारा ‘पिक अप’, पुस्तकें जागच्या जागीं ‘पुट अवे’, वाणसामान संपलें कीं ‘रन आउट ऑफ’. आठवड्यास पांचच घ्यावीं. वहींत चार रकाने आंखावे : इंग्रजी वाक्य, मराठी अर्थ, त्याच अर्थाचा ग्रांथिक इंग्रजी शब्द, आणि घरांतील प्रसंगावर स्वतः रचलेलें वाक्य. चौथा रकाना कोरा ठेवणाऱ्यास तें क्रियापद आलें असें समजूं नये.

इंझोरीस ही वही सुरू झाली आहे. आठवीतली नात शिक्षिका आणि मामा विद्यार्थी. पहिल्या दिवशीं तिनें ‘पुट ऑफ’ लिहावयास घेतलें, तोंच सूनबाई लगबगीनें म्हणाल्या, ‘‘अगं, तें राहूं दे, दुसरें घे.’’ त्यांस वाटलें, मामंजींच्या मनास लागेल. मामा म्हणाले, ‘‘नाहीं, तेंच आधीं घे. जेथें ठेंच लागली तेथें खूण केली पाहिजे.’’ आणि चौथ्या रकान्यांत त्यांनीं स्वतःच्या हातानें, पूर्वींच्याच वळणदार अक्षरांत, वाक्य लिहिलें. त्याचा अर्थ असा : जें शिकावयाचें तें मीं साठ वर्षें पुढें ढकललें, आतां ढकलणार नाहीं. नातवानें दुसरीकडे अर्ज केला आहे. त्याचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. तोंवर रोज सकाळीं चहाच्या आधीं मेल उघडण्याचें काम मामांनीं आपल्याकडे घेतलें आहे.

असो. पुढील पांच वाक्यें घरांतील लहानथोरांनीं मिळून सोडवावीं. उत्तरें पुढील अंकीं देऊं. एक : ‘द डॉक्टर टोल्ड हिम टु गिव्ह अप टोबॅको.’ दोन : ‘शी टेक्स आफ्टर हर ग्रँडमदर.’ तीन : ‘वुई हॅव रन आउट ऑफ शुगर.’ चार : ‘द मीटिंग वॉज नॉट पुट ऑफ, इट वॉज कॉल्ड ऑफ.’ पांच : ‘ही वुइल लुक इंटु द मॅटर.’ दुसऱ्या वाक्यांतील ‘टेक आफ्टर’ आणि वर आलेलें ‘लुक आफ्टर’ यांत गल्लत करूं नये. नात आजीचा सांभाळ करते कीं आजीच्या वळणावर जाते, हा प्रश्न घरांत विचारून पाहावा. बहुधा दोन्ही उत्तरें मिळतील.